आचार्य धर्मानंद कोसंबी : शांतिधर्माचा एक निःस्पृह उपासक



आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने मजकडे सोपविले, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले आणि ते म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. पाली भाषेचा मला गंध नाही आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचा अधिकार तर त्याहून नाही. परंतु ज्या पुरुषाने मॅट्रिकची पायरीही न चढता जगातील एका नामांकित विद्यापीठास आपल्या विद्वत्तेची गरज भासविली, त्याचे चरित्र मुलांना सांगण्यात माझ्या नोकरीची कितीतरी वर्षे आनंदात गेली. तोच आनंद आज आपणा सर्वांबरोबर वाटून घ्यावा, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दामोदर व आईचे आनंदीबाई. गोवा त्या वेळी पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. मराठी शिक्षणाची सोय यथातथाच, इंग्रजी शिक्षणाची तर खेड्यात कल्पनाही नव्हती. त्यातून हा मुलगा प्रकृतीने अशक्त. शाळेत जाणे थोडे आणि खंड पडणे फार, अशी स्थिती. घरच्या माडांच्या बागेची देखरेख करावी, नारळांचा हिशेब ठेवावा आणि वेळ मिळेल तसे हाती येईल ते मराठी पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिनक्रम असे. तुकोबांच्या गाथेने त्यांच्या मनाची मशागत त्याच काळात केली. तत्कालीन रीतीप्रमाणे १८९१ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

अशा या सामान्य आयुष्यास वळण मिळाले ते एका लहानशा लेखाने. मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ मासिकातील भगवान बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. ते चरित्र वाचून कितीएक मुलांनी मासिक मिटून ठेवले असेल. पण माडांच्या सावलीत बसलेल्या या तरुणाच्या अंतःकरणात ते खोल रुतून बसले. ज्या महापुरुषाने जगास करुणेचा मार्ग दाखविला, त्याचा धर्म त्याच्याच देशात नावापुरताही उरू नये, हा विचार त्यांना अस्वस्थ करू लागला. त्या धर्माचे ज्ञान मुळातून मिळवावयाचे, मग त्यासाठी वाटेल ते कष्ट पडोत, असा त्यांनी निश्चय केला. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी आपले काम हलके मानू नये, याला याहून मोठा दाखला तो कोणता?

१८९९ च्या डिसेंबरात धर्मानंदांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची कन्या माणिक अगदी तान्ही होती. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मी हे चरित्र वर्गात सांगत असता एकदा एका मुलीने उभे राहून विचारले, की गुरुजी, त्यांच्या बायकोचे काय झाले? त्या दिवशी मला नीटसे उत्तर देता आले नाही, आणि आजही हा प्रश्न टाळून पुढे जावे असे वाटत नाही. बाळाबाईंनी पुढची जवळजवळ सात वर्षे पतीवाचून काढली. त्या काळच्या खेड्यात अशा स्त्रीच्या वाट्यास काय येत असेल, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगावयास नको. थोर पुरुषांच्या त्यागाचा हिशेब मांडताना त्यांच्या घरच्या माणसांनी न मागता केलेला त्यागही जमेस धरला पाहिजे, असे मला वाटते. स्वतः धर्मानंदांनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपल्या उणिवा झाकून ठेवलेल्या नाहीत, आणि म्हणूनच ते पुस्तक मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

घर सोडून ते प्रथम पुण्यास आले. संस्कृतावाचून पुढचा मार्ग नाही हे उघड होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या थोर पंडिताने या अनोळखी तरुणास आधार दिला. परंतु त्यांचे मन लागले होते काशीकडे. ग्वाल्हेरच्या वाटेने ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवावे, मिळेल त्या जागी निजावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण-साहित्याचे पाठ घ्यावेत, असा खडतर विद्यार्थिदशेचा काळ त्यांनी काढला. आज आपल्या संस्थेच्या वसतिगृहातील खाट टोचते म्हणून तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भाग अवश्य वाचावा.

संस्कृताची बैठक तयार झाल्यावर, १९०२ साली, ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळच्या त्या देशात बौद्ध धर्म जिवंत असेल अशी त्यांची आशा होती. पण काठमांडूत त्यांच्या पदरी निराशाच आली. प्राण्यांची हत्या आणि कर्मकांडांचा बडिवार पाहून त्यांचे मन विटले. तेथून ते बुद्धगयेस आले. पाली ग्रंथ शिकावयाचे तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे, ही गोष्ट तेथे त्यांस कळली. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले आणि विद्योदय या प्रसिद्ध विद्यापीठात सुमंगल महास्थविरांच्या जवळ राहून पालीचा अभ्यास करू लागले. तेथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले, तेथील विहारांत राहून त्यांनी ध्यानमार्गाचा अभ्यास केला, आणि मधल्या काळात भारतात येऊन सारनाथ, कुशिनारा इत्यादी पवित्र स्थळांचे दर्शन घेतले. खिशात दमडी नसताना हा माणूस नेपाळपासून लंकेपर्यंत आणि लंकेपासून ब्रह्मदेशापर्यंत हिंडला. लोकांच्या चांगुलपणावर ज्याचा विश्वास आहे, त्यालाच अशी यात्रा साधते.

१९०६ साली ते कलकत्त्यास परत आले. मिळविलेले ज्ञान देशबांधवांस द्यावयाचे तर विहारात बसून चालणार नाही, लोकांत मिसळले पाहिजे, असे वाटून त्यांनी भिक्षुवेष उतरविला. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. त्याच वर्षी ते गोव्यास गेले आणि सात वर्षांनी पत्नीची व कन्येची भेट झाली. बाळाबाई पतीबरोबर कलकत्त्यास राहावयास गेल्या. १९०७ च्या जुलै महिन्यात गोव्यात त्यांना पुत्र झाला. आजोबांचे नाव लाभलेला हा मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्त्यास त्यांचा चांगला जम बसत होता. परंतु आपल्या ज्ञानाचा उपयोग महाराष्ट्रास व्हावा ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या गुणग्राहक दृष्टीने त्यांना हेरले. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षास एक पुस्तक लिहावे आणि त्यासाठी बडोदे सरकारातून तीन वर्षे दरमहा ५० रुपये घ्यावेत, अशी योजना झाली. कलकत्त्यास यापेक्षा पुष्कळ अधिक वेतन मिळत असता, ते सोडून या गृहस्थाने ५० रुपये पत्करले! पाच रुपयांच्या वाढीसाठी बदलीचे अर्ज करणाऱ्या आम्हा शिक्षकांस ही गोष्ट लाजविणारी आहे. या योजनेमुळे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली मराठी वाचकांच्या हाती आले. सोप्या, निर्मळ मराठीत बुद्धाची ओळख करून देण्याचे जे कार्य त्यांनी आरंभिले, ते अखेरपर्यंत चालू राहिले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ ही त्यांची पुस्तके आजही वाचनीय आहेत.

त्याच १९१० साली त्यांच्या आयुष्यातील एक आश्चर्यकारक प्रकरण सुरू झाले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स हे भारतात आले असता त्यांची धर्मानंदांशी गाठ पडली. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ संशोधून छापण्याचे काम वॉरन नावाच्या अमेरिकन पंडिताने हाती घेतले होते. परंतु १८९९ साली त्याचा अंत झाल्याने ते अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यास धर्मानंद अमेरिकेस गेले. ज्याने शाळेचा दाखलाही धड मिळविला नव्हता, तो साखवाळचा तरुण हार्वर्डच्या ग्रंथालयात बसून ब्रह्मी, सिंहली आणि इतर लिप्यांतील प्रती ताडून पाहू लागला. तेथील संपादक प्रा. लॅनमन यांच्याशी, ग्रंथावर श्रेय कोणाचे व कसे छापावे, यावरून त्यांचा मतभेद झाला. केलेल्या कामाचे योग्य श्रेय मिळत नसेल तर मिंधेपणाने राहणे त्यांना मान्य नव्हते. १९१२ साली ते काम सोडून स्वदेशी परतले.

येथे कोणास वाटेल की निःस्पृह पुरुषास श्रेयाची काय मातब्बरी? परंतु निःस्पृहता वेगळी आणि स्वाभिमानशून्यता वेगळी. धनाचा लोभ त्यांना कधीच शिवला नाही. पण एका परतंत्र देशाच्या विद्वानाने केवळ मदतनीस म्हणून मागे उभे राहावे, हा अन्याय त्यांना सहन होण्यासारखा नव्हता. तरीही त्यांनी मनात अढी ठेवली नाही. त्या ग्रंथासाठी ते पुन्हा हार्वर्डला गेले आणि एकंदर चार वेळा त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला. ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली, हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, निघाली आणि तीवर वॉरन व कोसंबी ही दोन्ही नावे आहेत. चाळीस वर्षांनी का होईना, श्रमाचे चीज झाले.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पाली विषयास जे स्थान मिळाले, त्यामागे डॉ. भांडारकरांच्या साहाय्याबरोबरच त्यांची चिकाटी होती. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांसारखे विद्वान शिष्य त्यांनी घडविले. गुरूचे मोठेपण त्याच्या शिष्यांवरून ओळखावे असे म्हणतात. त्या कसोटीसही ते पुरेपूर उतरले. १९१८ साली ते मुलांना बरोबर घेऊन पुन्हा अमेरिकेस गेले. ज्या माणिकला तान्ही असता सोडून त्यांनी गृहत्याग केला होता, तिला त्यांनी तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकविले आणि ती पदवीधर झाली. मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी आपल्याकडे घरोघर वाद चालत होते, त्या काळची ही गोष्ट आहे. वर्गातील त्या मुलीच्या प्रश्नाचे हे पूर्ण उत्तर नव्हे. पण एका बापाने आपले ऋण ओळखले होते, इतके तरी यावरून म्हणता येते.

अमेरिकेतून परत आल्यावर १९२२ ते १९२५ पर्यंत ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते. महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या या संस्थेत मुनी जिनविजय, पंडित सुखलाल, पंडित बेचरदास यांच्यासारखे जैन विद्वान त्यांचे सहकारी होते. बुद्ध आणि महावीर या दोघांच्या अहिंसेचा शेजारी शेजारी बसून विचार व्हावा, असा हा योग होता. पुढे १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी गेले. शेतकरी व कामकरी यांच्या दुःखांविषयी त्यांना आधीपासूनच कळवळा होता आणि समाजवादाचे वाचनही त्यांनी केले होते. बुद्धाची करुणा आणि श्रमजीवी माणसाची सुटका या दोन गोष्टी त्यांना परक्या वाटत नसत.

तेथून परत येतात तो १९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वय पन्नाशीच्या पलीकडे गेलेले, आयुष्य पोथ्यांत घालविलेले. असा माणूस घरी बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु अहिंसेवर व्याख्याने द्यावयाची आणि ती आचरण्याची वेळ आली की अंग चोरावयाचे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते शिरोड्याच्या सत्याग्रहात गेले, पुढे विलेपार्ल्याच्या स्वयंसेवकांच्या छावणीत त्यांनी जबाबदारीने काम केले, त्यांना अटक होऊन शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे मुदतीपूर्वीच ते सुटले. हार्वर्डचा पंडित तुरुंगाच्या कोठडीतही तितक्याच समाधानाने राहिला.

आता त्यांच्या शांतिविचाराकडे वळू. आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली कथा अशी, की सिद्धार्थाने एक म्हातारा, एक रोगी, एक प्रेत आणि एक संन्यासी पाहिला आणि मध्यरात्री पत्नी-पुत्र निजले असता तो घराबाहेर पडला. धर्मानंदांनी आपल्या ‘भगवान बुद्ध’ या प्रसिद्ध ग्रंथात ही कथा त्रिपिटकाच्या कसोटीवर घासून पाहिली. त्यांचे म्हणणे असे, की प्राचीन सुत्तांत गौतमाच्या बाबतीत ही कथा आढळत नाही. ती पूर्वीच्या एका बुद्धाच्या आख्यानातून पुढे इकडे जोडली गेली. उलट आईबाप रडत असता, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने गृहत्याग केला, असा उल्लेख जुन्या सुत्तात सापडतो.

मग गृहत्यागाचे कारण कोणते? त्रिपिटकाच्या आधारे त्यांनी तीन कारणे पुढे ठेवली. गृहस्थाश्रम म्हणजे अडचणीची आणि कोंडमाऱ्याची जागा, हे एक. जरा-मरणाच्या फेऱ्यात असणाऱ्याने जरा-मरणाच्याच वस्तूंमागे लागणे व्यर्थ, हे दुसरे. आणि तिसरे, ज्यावर त्यांनी विशेष भर दिला, ते म्हणजे शस्त्रांविषयीची शिसारी. सुत्तनिपातातील ‘अत्तदंड’ सुत्ताचा त्यांनी आधार दिला. शस्त्र हाती घेतल्याने भय नाहीसे होत नाही, उलट भयच जन्मास येते. आटत चाललेल्या पाण्यात मासे जसे तडफडतात तशी एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून मनात वैराग्य आले, असा त्या सुत्ताचा आशय आहे. शाक्य आणि कोलिय या दोन शेजारी कुळांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत असत. अशा वेळी क्षत्रियाने शस्त्र उचलावे हाच धर्म मानला जाई. सिद्धार्थास तो मार्ग पटेना; तलवारीने आजचा तंटा मिटेल, पण उद्याचा पेरला जाईल, हे त्याने ओळखले आणि मनुष्यमात्रातील भांडणाचे मूळ शोधण्यास तो निघाला. हाच विचार धर्मानंदांनी आपल्या ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही मांडला.

वाचकहो, या एका प्रतिपादनाने बुद्धाच्या चरित्राचा अर्थच बदलून जातो. मृत्यूस भिऊन पळालेला राजपुत्र दृष्टीआड होतो आणि शेजाऱ्याच्या गळ्यावर सुरी धरण्यास नकार देणारा धीर पुरुष समोर उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा हाच गृहत्यागाचे कारण म्हणून आला आहे. पाणी, बांध, वहिवाट आणि सामाईक भिंत यांवरून भावाभावांत चाललेले दावे आपल्या ज्ञातीत थोडे नाहीत. रोहिणीची कथा अडीच हजार वर्षांपूर्वीची असली तरी ती आपल्या परसात रोज घडत असते.

१९३५ साली ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. वेदकालापासून गांधीयुगापर्यंत अहिंसेचा प्रवाह कोठे वाहिला आणि कोठे आटला, याचा तो परखड आढावा आहे. त्यात परंपरेवर टीका आहे, पुरोहितशाहीवर टीका आहे, आणि ज्यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता त्या गांधीजींच्या मार्गाचीही चिकित्सा आहे. अहिंसेला प्रज्ञेची जोड पाहिजे, हे त्यांच्या विचाराचे सार होय. नुसती दया असेल आणि डोळस बुद्धी नसेल तर ती दया वाट चुकते. नुसती बुद्धी असेल आणि दया नसेल तर ती बुद्धी तोफा ओतते. दोन महायुद्धे पाहिलेल्या जगास हे वेगळे पटवून द्यावयास नको.

विचार सांगून ते थांबले नाहीत. मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगार आणि अस्पृश्य मानले गेलेले बांधव यांच्या वस्तीत, बिर्ला यांच्या साहाय्याने १९३७ साली त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला. बहुजनांचे हित व सुख हे बुद्धाच्या उपदेशाचे ब्रीद. तेच त्या वास्तूचे नाव झाले. पंडितांच्या सभेत मान मिळत असता त्यांनी आपले आसन चाळींच्या शेजारी मांडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या लेखनाने वादही झाले. ‘भगवान बुद्ध’ ग्रंथातील प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयीच्या प्रकरणाने जैन बांधवांत मोठा क्षोभ उसळला. धर्मानंदांनी आपले संशोधन मागे घेतले नाही. परंतु विरोधकांविषयी द्वेषही बाळगला नाही. इतकेच नव्हे, तर आयुष्याच्या अखेरीस त्यांनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहून जैनांच्या तेविसाव्या तीर्थंकराच्या अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांचा गौरव केला. बुद्धाचे आणि गांधीजींचे कार्य याच पायावर उभे आहे, आणि मनुष्यजातीचे पुढील कल्याणही त्यातच आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मतभेद असावेत आणि मनभेद नसावेत, असे आपण सभांतून बोलतो. त्यांनी ते करून दाखविले.

आता अखेरचा प्रसंग. सत्तरीच्या सुमारास त्यांची प्रकृती पार ढासळली. शरीर निरुपयोगी झाल्यावर इतरांवर भार होऊन राहू नये, अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवावा, हा प्राचीन श्रमणांचा मार्ग त्यांना योग्य वाटू लागला. १९४६ साली संयुक्त प्रांतातील एका आश्रमात त्यांनी उपोषण आरंभिले. ही वार्ता कळताच गांधीजींनी आग्रह करून त्यांना ते सोडावयास लावले. परंतु व्याधी हटली नाही. पुढे ते सेवाग्रामास आले आणि १९४७ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला. आपल्या अंत्यविधीस कमीत कमी खर्च यावा, अशी त्यांची इच्छा होती. ४ जून १९४७ रोजी, सुमारे महिनाभराच्या उपोषणानंतर, सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली.

या मार्गाविषयी मतभेद होऊ शकतील. माझ्यासारख्या संसारी माणसास तो पटतोच असे नाही, आणि कोणी त्याचे अनुकरण करावे असेही मी सुचवीत नाही. आजाऱ्याने औषध घ्यावे आणि घरच्यांनी सेवा करावी, हाच आपणा गृहस्थांचा धर्म. तथापि त्या दिवसांकडे पाहिले म्हणजे मन थबकते. ३ जून १९४७ रोजी देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली. त्याआधीचे वर्षभर देशात भावाने भावाचे रक्त सांडले होते आणि पुढे त्याहून भयंकर संहार होणार होता. ज्या पुरुषाने जन्मभर रोहिणीच्या तंट्याची कथा सांगितली, त्याचे प्राण नेमके याच वेळी निघून गेले.

त्यांचे कार्य त्यांच्याबरोबर संपले नाही. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली. चिरंजीव दामोदर यांनी गणित आणि इतिहास या क्षेत्रांत कीर्ती मिळविली. विश्वशांतीच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला, अणुशस्त्रांस विरोध केला आणि सूर्यशक्तीचा पुरस्कार केला. १९६६ साली त्यांचे निधन झाले. नात डॉ. मीरा कोसंबी या नामवंत समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आजोबांच्या निवडक लेखनाचे इंग्रजी भाषांतर करून ते जगापुढे ठेवले. त्याही २०१५ साली निवर्तल्या. तीन पिढ्यांची अशी ज्ञानसेवा एका घरात क्वचितच आढळते.

शेवटी एका गोष्टीचा प्रांजळपणे उल्लेख करतो. आपल्या स्मरणिकेत धर्मानंदांचे चरित्र छापताना, ते आपले होते, असा अभिमान आपणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांनी जो मार्ग धरला, तो ज्ञातीची कुंपणे ओलांडून जाणारा होता. जातिभेद न मानणाऱ्या बुद्धाच्या पायाशी ते गेले, परळच्या चाळींत रमले, आणि जन्माने कोण श्रेष्ठ हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. म्हणून त्यांच्या नावाचा अभिमान बाळगावयाचा तर तो केवळ जन्माच्या नात्याने बाळगून भागणार नाही. आपल्या विद्यार्थिसाहाय्य निधीतून गरजू मुलास मदत देताना तो कोणाचा, हे पाहण्याआधी त्याची विद्येची भूक पाहिली. आपल्या घरातील मुलीस शिकावयास दूर धाडताना हात आखडला नाही. आणि शेजाऱ्याशी बांधावरून तंटा लागला असता वकिलाची पायरी चढण्याआधी एकदा त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो, तर धर्मानंद आपले होते असे म्हणण्याचा थोडासा अधिकार आपणास येईल.

साखवाळच्या माडांखाली एका मुलाने मासिकातील चार पाने वाचली आणि त्यातून एवढे आयुष्य उभे राहिले. आपल्या घरी येणाऱ्या या स्मरणिकेची पानेही कोणा मुलाच्या हाती पडतील. त्याने ती वाचावीत आणि पुढचा मार्ग आपला आपण शोधावा, एवढीच या वृद्ध शिक्षकाची इच्छा आहे.